डावं वळण

ओतारी म्हणतो, फक्त डावीकडे वळताना.
सरळ रस्त्यावर गाडी गप्प असते,
माझ्यासारखीच.

कुताइसीच्या रिकाम्या बाजारात मी त्याला
गोल गोल फिरवते, स्टिअरिंग पार वळवून.
शेजारून चालते, वाकून, कान चाकाकडे.
कट्. कट् कट्. कट्कट्कट्.

डावीकडे वळलास की भार उजव्यावर येतो, बाबा,
ते ओरडतं.
रबरी टोपी फाटलेली, ग्रीस उडालेलं,
सांध्यात रिओनीकाठची वाळू.

दुपारी नवा सांधा बसला. पुन्हा फेरी.
कट् नाही.
पण मागे काहीतरी घरंगळतं,
या दारापासून त्या दारापर्यंत.

सीट उचलते. एक अक्रोड,
मागच्या शरदातला, छोट्या दातांच्या खुणा असलेला.

ओतारी तो पुसतो,
पुन्हा सीटखाली ठेवतो.
मी पाना शोधत राहते. पाना हातातच असतो.