काटा

सिस्टर अपोलिना पहिल्यांदा आली ती चिकोडीच्या यष्टीनं,
भर दुपारी, सुपं मांडीवर असताना.
नंदगडकडची. मराठी बोलायची, पण कोकणीचं पाणी घातलेली.
मदिनानं मान वर न करता विचारलं,
‘बाई, येशूचं काय असंल तर आधीच सांगा,
माझं हजार पुरं व्हायचंय अजून.’
ती म्हणाली, पोरं आणा. वजन करू.

पिशवीतून निघाला गोल तबकडीचा काटा,
खाली कापडाची झोळी.
शेजारच्या बसगोंडानं माझ्या पडवीच्या तुळईला आकडा ठोकून दिला,
विडी दातातच ठेवून.
मग एकेक पोर टांगलं.
पोरं बोंबलली. सुई थरथरायची, थांबायची.
सिस्टर वहीत लिहायची.

माझी कमळी, दीड वर्षाची : सहा किलो दोनशे.
मी म्हटलं, खोटं.
गेल्या अमावास्येला वखारीत दिवाणजीच्या काट्यावर
गमतीनं बसवली होती तिला,
सात भरली होती.
दिवाणजी हसलेला, ‘मालन, पोरगी दणकट हाय की तुझी.’

सिस्टर पेनाचं टोपण चावत राहिली.
मग म्हणाली, तुझी आजची तंबाखू आण.

अर्धा किलो म्हणून मोजून दिलेली.
झोळीत ठेवली.
सुई साडेचारशेच्या अलीकडेच उभी.

कुणी बोललं नाही.
शेवंताक्का गुडघे धरून उठली, तिची घेऊन आली.
मग मदिना. मग मागच्या गल्लीतली निंगव्वा,
जी आमच्याशी दोन वर्षं बोलत नव्हती.
पोरांच्या मुतानं ओल्या झोळीत
तंबाखूची पुडकी एकामागून एक.
माझ्या आईला तिच्या सासूनं म्हटलं होतं, तुझा हात जड.
मला माझ्या सासूनं.
हजाराला शंभर-सव्वाशे विड्या कमी पडायच्या,
त्या पदरच्या पैशानं पुऱ्या करत
आम्ही आपापल्या बोटांकडे बघत आलो होतो.

गुरुवारी अकरा जणी वखारीच्या दारात गेलो, काटा घेऊन.
सिस्टर आली नाही.
‘मी आले तर तंबाखूचं राहील बाजूला,
सगळं बोलणं माझ्या गळ्यातल्या क्रुसाचं होईल.’

तरी झालंच.
रविवारच्या आत जत्राट वेशीपर्यंत उठलं :
बाई बाटवते, पोरांना झोळीत घालून मंत्र म्हणते.
फौजदार आला. वही उघडून मोठ्यानं वाचू लागला,
दाराशी माणसं जमलेली :
कमळी, सहा दोनशे, रोज एक अंडं.
सैफ, सात शंभर, जंत.
निंगव्वाची धाकटी, पाच नऊशे, अंडं, अंडं, लोणी मिळालं तर.
चार पानं वाचली आणि त्याचा आवाज उतरला.
वही नेली तरी. काटाही नेला.
सिस्टरला वरून बोलावणं आलं,
मुंडगोडला म्हणाले कुणी, कुणी म्हणाले त्याच्याही पुढं.

वखारीत नवा काटा आलाय.
खरा आहे का, देव जाणे. कुठला देव, ते मी सांगत नाही.
आमच्यातल्या एकीनंही बदलला नाही.
एकदा मीच म्हटलं होतं तिला,
‘सिस्टर, तुमच्या देवाचं बोला की कायतरी.’
‘आज नको, तुझं हजार राहिलंय ना,’
म्हणत ती कात्री घेऊन पानं कातरायला बसली.
इतकी वाकडी कातरली
की सगळी छाटात गेली. मदिना आठवडाभर हसत होती.

आकडा अजून तुळईला आहे.
कांद्याची माळ लावते त्याला.
कमळी जोत्यावर चढून हात पुरवते, लोंबकळते,
तुळई करकरते.
उतर, म्हणते मी,
आणि सूप खाली ठेवून
मनातल्या मनात अंदाज घेते :
एकवीस. बावीस असेल.