गहाळ

जिबूतीच्या बाजारात, मासळीच्या गल्लीमागे
माझं दुकान: एक टेबल, एक पंखा,
आणि टेपरेकॉर्डरनं चावलेल्या कॅसेटी.
ब्लेडनं कापतो, चिकटपट्टीनं जोडतो,
पेन्सिल घालून चक्र फिरवतो.
निम्म्या कॅसेटी म्हणजे पत्रंच.
आमच्यात पत्र बोलतात,
आणि गोष्ट मोठी असेल तर कवितेत बोलतात.

गुलेद बंदरावर पोती उतरवतो.
कॅसेट त्यानं रुमालात आणली, अंडं आणावं तशी.
आईचा आवाज. दहाबो, बुरओच्या पलीकडची,
शाळेची पायरी न चढलेली बाई,
पण एकदा अक्षर धरलं की
शेवटच्या ओळीपर्यंत सोडणार नाही.
तसा आमचा नियमच आहे.
पहिल्या ओळीत ग आला तर शंभराव्या ओळीतही ग हवा,
प्रत्येक ओळीत निदान एक शब्द त्याच आवाजानं उघडणारा.
क चालत नाही. जवळपासचं काहीच चालत नाही.
म्हणून तर इतकं वाळवंट ओलांडून कविता सांडत नाही:
सांगणारा अडला तर अक्षर त्याला पुढचा शब्द दाखवतं,
आणि कुणी मध्येच आपली ओळ घुसवली
तर लग्नात न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी
ती सगळ्यांना लगेच कळते.

आम्ही ऐकू लागलो.
गवत गेलं, म्हणाली, गुरांच्या गुडघ्यांत वारा शिरला,
गोणीच्या गाठी मोजत मी गप्प बसते,
गुलेद, गेल्या गुरुवारी आपल्या दारात

खर्र.
चार बोटं फीत, पार चुरगळलेली. दोन सेकंदं.
मग पुन्हा स्वच्छ:
गोष्ट वाढवत नाही. पैसे पाठव.

"शब्द ग चाच आहे," मी म्हणालो, "एवढं नक्की."
गेल, म्हणजे उंट.
गेड, म्हणजे झाड.
गुरी, म्हणजे घर, पण दारात घर कसं येईल?
कोपऱ्यात चहा पीत बसलेला म्हातारा रोबले,
ज्याला लोकांच्या सातशे कविता पाठ,
त्यानं बोटांनी टेबलावर मात्रा मोजल्या.
"बसतात," म्हणाला. "सगळेच बसतात."
मग तिघांनाही एकदम तो शब्द सुचला
आणि तिघांनीही तो उच्चारला नाही.
गेरी. मरण.
गुलेदचा बाप वर्षभर खोकत होता.

त्यानं तीन महिन्यांची मजुरी उचलली,
वर माझ्याकडून थोडी घेतली,
आणि हवालावाल्याकडे दिली.
सोबत निरोप, रडत रडत: सगळं नीट करा,
गाव जेवू घाला.

रमजान उलटल्यावर ट्रकवाला दुसरी कॅसेट घेऊन आला.
घातली. आधी खोकला,
मग बापाचा आवाज, चिडलेला, ठणठणीत,
आणि ग मध्येच, कारण उत्तर त्याच अक्षरात द्यायचं असतं:
गाढवा, गळा काढायला काय झालं?
गाडायला निघालास तो गावभर गप्पा मारत हिंडतोय.
गेल्या गुरुवारी दारात आली ती गबड.

गबड. मुलगी.
विहिरीवाल्यांची थोरली. मामाला घेऊन आली होती,
तुझं विचारायला.
पैसे पोचले. गेल घेतले, तिच्या घरी दिले.

रोबले इतका हसला की चहा नाकातून आला.
गुलेद हसला नाही.
तो त्या मुलीचं तोंड आठवत असावा,
किंवा बापाला किती दिवस मेलेला धरून
पोती उतरवली, ते मोजत असावा.

आता उत्तर त्यानं द्यायचं. ग मध्ये.
मी कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाबलं.
तो माइकजवळ वाकला, तोंड उघडलं, आणि
काहीच नाही. पंख्याचा आवाज.
बाहेर कुणीतरी मासळीवर पाणी मारतंय.
मग एकदाचा बोलला, आणि पुढे बराच वेळ बोलला, चांगलं बोलला.

सुरुवातीचं ते रिकामं कापायला मी ब्लेड घेतलं,
आणि फितीवर बोटं ठेवून मोजलं.
चार बोटं.
राहू दिलं.