मेविसचं पान

काल रात्रीपासून सगळीकडे तूच वाजतेयस.
मरोळ नाक्यावरच्या ज्यूसवाल्याकडे,
वरच्या जिममध्ये,
समोर कुणीतरी फोन खिडकीत ठेवलाय, त्यातही.
एकाच वेळी तीन ठिकाणी, तीन वेगळ्या कडव्यांत.
एवढी गर्दी तुझ्या आवाजाची
आणि माझ्या मांडीवर तुझी रिकामी बाही.

चौऱ्याण्णव साल. दुकानाला अजून पाटी नव्हती.
गावठाणातली पोर, काखेत पडद्याचं चंदेरी कापड.
म्हणालीस, ताई, जाकीट पाहिजे,
मंगळवारी टीव्हीवर आहे, सोमवारी द्या.
मी म्हटलं, पडद्याचं आहे गं, अंगाला टोचेल.
टोचू दे, म्हणालीस,
गाताना कळत नाही.

टोचलं. पुरळ दाखवायला आलीस तोवर
तुझं ते ‘हॅलो हवा, राँग नंबर’
बारशात, वरातीत, शाळेच्या गॅदरिंगला,
जिथे नको तिथेही पोचलं होतं.
शहाण्यांनी नाकं मुरडली.
पेपरात एकाने लिहिलं : आवाज कमी, चमक जास्त.
चमक माझी होती.
खरं सांगते, मला बरं वाटलं.

मापांच्या वहीत सदतिसावं पान तुझं.
छाती बत्तीस, कंबर चोवीस, बाही बावीस.
खाली, अठ्ठ्याण्णव : कंबर सत्तावीस,
आणि शेजारी तुझ्याच अक्षरात, ‘बिर्याणी’.
त्याखाली एक आकडा लिहून खोडलेला.
त्या वर्षी तू एक सैल झगा शिवून नेलास
आणि तीन महिन्यांनी परत आणलास,
आता घट्ट कर.
मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस.
लोकांना तुझा वाढदिवस पाठ, आवडता रंग पाठ.
हे फक्त मला आणि या पेन्सिलीला.

मग गाणी थांबली.
म्हणजे लोक ऐकायचे थांबले, तू नाही.
कांदिवलीच्या लग्नाच्या हॉलमध्ये,
विमा कंपनीच्या स्नेहसंमेलनात, जेवणाची रांग लागलेली असताना,
तेच गाणं, तेच जाकीट.
वर्षा-दोन वर्षांनी मी शिवण उसवायची,
अर्धा इंच सोडायची.
म्हणायची, म्हणून आत मार्जिन ठेवावं गं बाई.
तू हसायचीस :
माझ्यासाठी तेवढंच कुणीतरी ठेवलंय.

आज सकाळी हिल्डा आली, तुझी धाकटी.
किराण्याच्या पिशवीत जाकीट.
हेच घालायचं म्हणून सांगून गेलीय. चार वाजता चर्च.
माप? मी विचारलं आणि जीभ चावली.
तिने पर्समधून सुतळी काढली.
टेप नव्हता घरात, म्हणाली.
सुतळीला तीन गाठी :
छाती, कंबर, बाही.

मी ती टेपवर ताणून धरली.
अठ्ठावीस.
पहिल्या दिवशीसुद्धा एवढीशी नव्हतीस.
बाही मात्र बावीसच.

तर आता सगळं परत आत.
तीस वर्षांचा अर्धा अर्धा इंच,
प्रत्येक उसवणीची भोकं कापडात अजून तशीच.
काज करता करता रुखसाना विचारते, कोण होती ही?
मी म्हणते, बाहेर वाजतंय ना, ती.
अच्छा, रीलवाली!
आणि ती गुणगुणायला लागते, भलत्याच सुरात.
करू दे.

हिल्डा म्हणाली होती,
पाठीला टाचण्या लावल्या तरी चालतील, ताई,
कुणाला दिसणार आहे.
बरोबर आहे तिचं.
तरी मी पाठीला आतून मऊ मलमल लावली,
दुहेरी, हाताने, बारीक टाक्यात.
साडेतीन वाजलेत, हिल्डाचा दोनदा फोन येऊन गेला.

गाताना कळत नाही, म्हणाली होतीस.

आता गात नाहीयेस ना तू.