तर

आचऱ्याच्या शाखेत संगणक आला, त्याच्यामागून
एक तार आली कुडाळहून, भाड्याची, सरळ.
तिला दोनदा जेसीबीने तोडलं,
एकदा फणसाची फांदी पडली तिच्यावर,
एकदा काहीच झालं नव्हतं आणि ती मेली होती.
मग मला पाठवलं. म्हणाले,
दुसरी वाट घालून ये.

दुसरी वाट म्हणजे साधा टेलिफोन
आणि एक मोडेम, अंगावर धूळ, दोन लाल डोळे.
राउटरला सांगायचं ते फार थोडं असतं:
जर पहिली वाट नसेल, तर ही.
पहिलीचं अंतर लिहायचं एक,
हिचं दोनशे.
जवळ असली तरी लांबची म्हणूनच लिहायची,
म्हणजे उगाच कुणी जात नाही तिच्याकडे.

लाइनमन भिवा तारी खांबावरून उतरला,
चहा बशीत ओतला.
"जर-तर आमका काय सांगतास? तर आमचीच.
बापूस माझो तर चलयत हुतो, पूल होयसर."
मगे?
"मगे काय! पूल आसा तवसर तरीक कोण इचारता?
पण होडी पाण्यात ठेवलली व्हयी.
सुकली काय फळयेची सांद उघडता.
नड येयत त्या दिशी पाण्यात घालशात
नि बुडशात."

कशासाठी फोन लावायचा, तेही लिहावं लागतं.
देवगडला मी ते विसरले होते.
दर दहा सेकंदांनी एक राउटर म्हणायचा, आहेस का?
दुसरा म्हणायचा, आहे.
तेवढ्यावर लाइन उघडी राहिली अख्खा भाद्रपद
आणि बिल आलं त्यात बोलणं कसलंच नव्हतं,
नुसती विचारपूस.
या वेळी नीट लिहिलं.
पैसे काढणं, भरणं, शिल्लक बघणं: लाव.
ख्यालीखुशाली: लावू नकोस.

"आज नको हो," शाखाधिकारी परुळेकरबाई म्हणाल्या,
"आज पेन्शनचा दिवस."
म्हणूनच आज, म्हटलं, आणि तार उपटली.

पंखा फिरत होता. बाहेर माशेवालीची हाक.
तीनदा विचारलं, तीनदा उत्तर नाही.
मग खट्. मग आकडे, एकेक.
मग मान धरलेल्या कोंबडीसारखा मोडेम ओरडला,
पलीकडून कुडाळ तसंच ओरडलं
आणि दोघं एकदम गप्प झाले.
गप्प झाले म्हणजे जुळले.

पास्कू फर्नांडिसचं पासबुक छापून आलं,
सावकाश, ओळीमागून ओळ,
वल्ह्यामागून वल्हं पडावं तसं.
पास्कूने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, गेला.
त्याला काही कळलं नाही.

तार परत लावली तरी फोन लगेच ठेवायचा नसतो.
हे इथं कुणाला समजावून द्यावं लागलं नाही.
गावपळणीला अख्खं गाव वेशीबाहेर राहतं,
कोंबड्या-गुरांसकट,
आणि कौल मिळाल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही.
मी लिहिलं: पाच मिनिटं थांब.
आलेली वाट टिकते का बघ.

निघताना राउटरवर चिठ्ठी चिकटवली:
दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ही तार उपटावी.
दहा मिनिटे. घाबरू नये.
भिवाने वाचली, मान हलवली,
खाली पेन्सिलीने लिहिलं, होडी.

कणकवलीची गाडी यायला अवकाश होता.
पानपट्टीवर नाण्याचा फोन होता, आणि माझ्याकडे रुपया.
हेमांगीचा नंबर बोटांना पाठ होता, पण
दोन वर्षं सगळं आईतूनच जायचं,
तिकडचं इकडे, इकडचं तिकडे:
ताप उतरला का, भाडेकरू गेले का,
ती अजून रागावलेय का.

चौथ्या घंटेला उचलला.
कोण?
मी.
क्षणभर काहीच नाही, मग एकदम,
"आईला काय झालं?"

काही नाही गं. आई बरी आहे.
लागतो का, बघत होते.