लाल खडू

उद्यमनगरात बत्तीस वर्षं
तपासणीच्या टेबलामागं उभा होतो.
ओतीव काम गार होऊन यायचं,
छोटी हातोडी मारायची, कान द्यायचा.
खणखणीत वाजलं तर पांढरा खडू,
बद्द वाजलं तर लाल.
लाल झालेलं परत भट्टीत जायचं,
वाया काहीच जायचं नाही,
म्हणून हात कधी अडला नाही.

आता फुलेवाडीच्या गच्चीवर
ऑइलपेंटचे एक्केचाळीस डबे.
माती नदीकाठची, त्यात कारखान्याची मळी,
आणि माझ्या हातानं जुळवलेली डेलिलीची रोपं.
आई पिवळी, बाप काळपट तांबडा.
सकाळी सातला त्याचा पराग हिला टेकवला,
दोऱ्याची गाठ मारली,
त्याला तीन पावसाळे झाले.
पोरं आत्ता कुठं फुलायला लागलीत.

जागा नऊ डब्यांची.
बाकी गच्चीवर सोलरच्या पट्ट्या येणार,
सम्मेदनं मोजून खुणासुद्धा केल्यात.

तर रोज उजाडता
खिशात दोन खडू टाकून वर येतो.
चार नंबर: रंग सायीचा, दांडी ताठ. पांढरा.
अकराची दांडी पानांतनं वरच येत नाही. लाल.
सतराला कळ्याच तीन. लाल.
सव्वीस म्हणजे बापाची नक्कल,
बाप आहेच की. लाल.
सोपं काम आहे, असं पद्माला सांगतो.

लोखंड टेबलावर थांबायचं.
शंका आली तर जेवून यायचो, परत ठोकायचो,
ढवळे मिस्त्रींना हाक मारायचो,
तेही कान लावायचे.
ह्यांचं फूल एका दिवसाचं.
दिवस मावळला की पुरावा
ओल्या चिंधीसारखा गोळा होतो.
उद्या उमलतं ते दुसरंच,
त्याच दांडीवर, पण दुसरं.
पहिल्या वर्षीच्या फुलावर विश्वास ठेवू नये म्हणतात.
मग कुठल्या?

तेवीस नंबर.
रंग भाजक्या विटेचा, त्यात काही नवल नाही.
धड उघडतही नाही; नऊ वाजले तरी
एक पाकळी दुमडलेली,
झोपेत गाल दाबला गेल्यासारखी.
सहा दिवस पाहिलं, वहीत लिहिलं:
उमलण्यात दोष.
सातव्या दिवशी खडू ओढला.

परवा रात्री मोटर बंद करून
टाकी बघायला वर गेलो, दहा वाजून गेलेले.
चाळीस डब्यांत सगळं मिटलेलं
आणि हे एकटं, टक्क उघडं,
ती पाकळीही सरळ.
बघायला साधी माशी नाही.
सवयीनं मी डब्यावर बोट ठोकलं.
मातीनं भरलेला डबा,
बद्दच वाजणार.

आज पाणी घालताना
पाईप जरा वरच्या अंगाला राहिला.
"डब्यावर कशाला मारतायसा? बुडात सोडा की,"
पद्मा जिन्यातनं म्हणाली.
लाल ओघळ गच्चीच्या उतारानं
पन्हाळीकडं निघाला होता.
मी काही बोललो नाही.
सम्मेदलाही अजून नाही.