दम

बाबर सुभेदारांनी पहिल्याच दिवशी विचारलं,
"शेरडं राखलीयेस कधी?"
म्हटलं, माणदेशातला आहे, सर.
"मग ये इकडं." आणि पाईपचं कातडं
माझ्या डाव्या बगलेत दिलं.

तीन नळ्या खांद्यावर, एक पुढे,
मान टाकून निजलेलं करडूच ते.
"आवळ. चेंगरू नकोस.
दम धर. आता सोड. अरे, सगळा नको!"

महिनाभर नुसतं केकाटलं.
मेसचा आचारी खिडकीतून ओरडायचा,
कुणाचं बोकड कापताय रे?
अजिंक्यताऱ्याला आपटून सूर परत यायचा,
आमच्यापेक्षा जरा बरा होऊन.

परेडच्या सकाळी
आप्पा म्हसवडच्या एसटीनं आले.
खुर्ची होती त्यांच्या नावाची,
पण घोंगडं खांद्यावर टाकून
कुंपणाच्या तारेपाशीच उभे.

ढोबळ्याची काठी ड्रमवर, पावलाला पाऊल,
टोप्यांवरचे तुरे एका वाऱ्यात.
मग हुकूम: थम.
पावलं थांबली. ड्रम थांबला.
माझ्या बगलेत घोटभर हवा उरली होती,
ती निघाली,
बारीक, लांब,
कळपामागं राहिलेल्या करडासारखी ओरडत.

आणि तारेपलीकडून, सवयीनं,
जीभ टाळ्याला लावून
आप्पांनी हाक दिली.

पाच चकरा मिळाल्या मैदानाच्या.
चौथीत बघितलं तर स्टोअररूममागं
सुभेदार एकटेच उभे,
जीभ टाळ्याला लावून बघत होते.
जमत नव्हतं त्यांना.