पाच सेंटिमीटर पाणी

बांबोळीच्या या खोलीत रात्र बुडबुड्यांनी मोजतात.
काचेच्या पेटीत अकराशे वीस ग्रॅम,
मनगटावर पट्टी: पिएदादचा मुलगा.
सातव्या महिन्यातच निघून आलेला.

आला तेव्हा कण्हत होता.
दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत खेचली जायची.
घशात नळी नाही घातली आम्ही.
नाकात दोन इवल्या नळ्या, डोक्याला टोपी,
टोपीला फीत, फितीला पाइप,
आणि पाइपचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात
पाचच्या खुणेपर्यंत.
एवढंच. बाकीचं त्यानंच करायचं.

बाप बोस्त्यांव, नेवऱ्याच्या मानशीचा राखणदार.
डॉक्टरांनी कागदावर फुप्फुस काढलं, दाब समजावला.
हा नुसती मान हलवत राहिला.
मग मी म्हटलं, श्वास घेणं जमतं याला,
सोडताना मात्र सगळा सोडून देतो,
आणि रिकामं फुप्फुस ओल्या पिशवीसारखं चिकटून बसतं.
तो थांबला. म्हणाला,
"म्हणजे ओहोटीला दार सगळं उघडायचं नाही.
पोंय सुकली की बांदाला भेगा पडतात, सिस्टर."

तिसऱ्या रात्री पावणेतीनला
खोली एकदम मोठी झाली.
बुडबुडे नव्हते.
हातातलं दूध ठेवून मी वळले, तर
बाहेर बाकावर झोपलेला बोस्त्यांव दारात उभा.
मानशीवर निजणारा माणूस आवाजानं उठत नाही,
आवाज थांबला की उठतो.
नळी तांदळाच्या दाण्याएवढी सरकली होती.
बसवली. बोटानं हनुवटी वर धरली.
पाणी पुन्हा बोलायला लागलं.

शेजारच्या मुलीला हे पुरलं नाही.
पहाटे तिला मोठ्या यंत्रावर घेतलं.
त्यानं विचारलं नाही काही,
तिच्या बाटलीतलं उभं राहिलेलं पाणी
तेवढं पाहिलं.

आज नववा दिवस. नळ्या काढल्या.
नाकावर लाल व्रण आहे, जाईल.
पिएदादच्या छातीवर तो पालथा,
झोपडीच्या दारात बेडूक बसावा तसा.
बोस्त्यांव अजून बाटलीकडेच बघतोय.
"आता कशानं कळणार?"

मी त्याला परत हात धुवायला लावले, कोपरापर्यंत,
आणि त्याचं खाऱ्या पाण्यानं चिरलेलं बोट
बाळाच्या पाठीवर ठेवलं.